सुभेदार रामजी मालोजी सकपाळ

हिंगोलीस निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी 1903 पर्यंत होती. त्यामुळे आमच्या गोरेगावच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात पलटण, कवायत, पेन्शन हे शब्द माझ्या लहानपणीही सहज येत. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा एका पेन्शनर सुभेदाराचेच चरित्र माझ्या मनात आले. ते आपल्याकडील नव्हत; परंतु त्यांच्या चरित्रातही एक गोरेगाव आहे.

रामजी सकपाळ यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील मालोजी लष्करात होते, सासरे मुरबाडकर हेही लष्करातच. त्या काळी पलटणीतील शिपायांस व त्यांच्या मुलाबाळांस शिकविण्यासाठी लष्कराच्या शाळा असत. गावच्या शाळेत ज्यांना पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्या महार घराण्यांत विद्येचा प्रवेश झाला तो या दाराने. रामजींनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षण घेऊन लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापकी केली. म्हणजे ते माझ्याच व्यवसायातले! महू येथे 14 एप्रिल 1891 रोजी त्यांना चौदावे अपत्य झाले, तेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

पुढे 1892 च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरतीच बंद केली. ज्या सैन्यात आज्याने व बापाने हयात घालविली, तेथे नातवास उभे राहण्यासही जागा उरली नाही. रामजी न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे गेले व त्यांच्या साहाय्याने सरकारकडे अर्ज केला. उपयोग झाला नाही. महायुद्धाची निकड लागताच 1917 मध्ये महारांची पलटण उभारली गेली, ती 1921 मध्ये मोडली. महार रेजिमेंट झाली ती 1941 साली. तोवर रामजींना जाऊन अठ्ठावीस वर्षे लोटली होती.

पेन्शनीनंतर हे कुटुंब दापोलीस व तेथून साताऱ्यास आले. साताऱ्यास पत्नी भीमाबाई निवर्तल्या. चौदांपैकी पाचच मुले जगली. दुष्काळी कामावर तलाव खणला जात होता, तेथे, खटाव तालुक्यातील गोरेगावी, रामजी रोखपाल झाले आणि मुले आत्याजवळ साताऱ्यास राहिली. 1901 च्या उन्हाळ्यात त्यांनी मुलांस सुट्टीसाठी बोलाविले. मुलांनी नवे कपडे केले, येत असल्याचे पत्र धाडले व मसूर स्टेशनावर उतरली. नेण्यास कोणी आले नव्हते. जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन पोरांनीच गाडी हाकली. रात्रभर पाण्याचा घोट मिळाला नाही. पत्र तर पोहोचले होते. नोकराने ते रामजींच्या हाती दिलेच नव्हते. दाराशी अवचित उभ्या ठाकलेल्या त्या तहानलेल्या मुलांकडे पाहून बापाच्या जिवाचे काय झाले असेल?

मुंबईस परळच्या चाळीतील एका खोलीत सारा संसार. तर्खडकरांची भाषांतरमाला ते मुलाकडून स्वतः घोटून घेत. निजण्यास व अभ्यासास जागा एकच. म्हणून रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावास उठवून अभ्यासास बसवीत व त्याच्या जागी स्वतः आडवे होत. पलटणीत पहारा बदलतो तसाच हा प्रकार. फरक एवढाच की ही कामगिरी त्यांस कोणी नेमून दिली नव्हती. मुलास पुस्तके हवी असत आणि पेन्शन तुटपुंजी. तेव्हा ते लग्न झालेल्या मुलींच्या दारी जात, दागिना मागून आणीत, मारवाड्याकडे गहाण टाकीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत करीत. मुलीच्या घरचा दागिना मागताना बापास किती जड जाते, हे आपल्या घरांतून सांगावयास नको. या मुलींचे ऋण मात्र चरित्रकारांनी चार ओळींतच आटोपले आहे, हे मला नेहमी खटकते.

भीमराव 1907 साली मॅट्रिक झाले, पुढे बी. ए. होऊन 1913 च्या आरंभी बडोद्यास नोकरीवर गेले. रामजींच्या मनात ते नव्हते. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार गेली. परत येताना भीमराव वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून सुरतेस उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी ते पोहोचले तेव्हा सुभेदारांची दृष्टी त्यांनाच शोधीत होती. मुलाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरविला आणि प्राण सोडला. तो दिवस 2 फेब्रुवारी 1913.

दहा वर्षांनी, 1923 मध्ये, बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे, आणि अर्पणपत्रिकेत ऋण मान्य केले आहे ते आपल्या शिक्षणासाठी त्या दोघांनी सोसलेल्या झिजेचे.