संत्रा कलमांची लागवड : डोळा जमिनीच्या वरच ठेवा

नागपूर, अमरावती भागात संत्र्याची बाग भर उत्पादनाला येते आणि नेमकी तेव्हाच डिंक्याने झाडे वाळू लागतात. अशा झाडाच्या बुंध्याजवळची माती उकरून पाहिली, तर बऱ्याचदा कलमाचा डोळा मातीत गाडलेला आढळतो. चूक लागवडीच्या दिवशी झालेली असते, तिची किंमत मात्र पाच-सहा वर्षांनी मोजावी लागते.

डोळा गाडला की काय होते?
आपले कलम दोन झाडांचे असते. खाली जंबेरी किंवा रंगपूर लाईमचा खुंट आणि वर संत्रा. डिंक्या व मूळकूज करणारी फायटोप्थोरा बुरशी ओल्या मातीत राहते. संत्र्याची साल या बुरशीला लवकर बळी पडते, म्हणून तिचा ओल्या मातीशी संपर्क येऊ देऊ नये. रंगपूर लाईम हा खुंट जंबेरीपेक्षा या रोगाला जास्त सहनशील आहे.

कलमांची निवड
- खात्रीच्या, नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच कलमे घ्यावीत.
- डोळा जमिनीपासून 22 ते 25 सें.मी. उंचीवर बांधलेला असावा. डोळा त्याहून खाली असलेली कलमे स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत.
- खोड सरळ व मुळे पांढरी, तंतुमय असावीत. कुजकी मुळे दिसल्यास कलम नाकारावे.

खड्डे
6 × 6 मीटर अंतरावर हेक्टरी 277 झाडे बसतात. उन्हाळ्यात 75 × 75 × 75 सें.मी. आकाराचे खड्डे खोदून उन्हात तापू द्यावेत. पावसाळ्यापूर्वी पोयटा माती, दोन घमेली कुजलेले शेणखत, 1 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 1 किलो निंबोळी ढेप यांनी ते भरावेत. भुसभुशीत माती पहिल्या मोठ्या पावसात खाली बसते आणि कलमही सोबत खचते. त्यामुळे खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच भरावा आणि माती बसल्यावरच कलम लावावे.

भारी काळ्या जमिनीत पाणी साचते. तेथे गादीवाफ्यावरच लागवड करावी व उताराच्या दिशेने चर काढावेत.

लागवडीची वेळ व पद्धत
एक-दोन चांगले पाऊस होऊन जमीन ओली झाल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये लागवड करावी. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळची वेळ निवडावी.

1. उघड्या मुळांची कलमे मेटॅलॅक्झिल + मँकोझेब या संयुक्त बुरशीनाशकाच्या द्रावणात (2.5 ग्रॅम प्रति लिटर पाणी) 10 ते 15 मिनिटे बुडवावीत. पिशवीतील कलमाची पिशवी कापून काढावी, पण मातीचा गोळा फुटू देऊ नये.
2. मुळे पसरतील एवढाच खड्डा मधोमध उकरावा.
3. माती दाबल्यावर डोळा जमिनीपासून किमान 15 ते 20 सें.मी. वर राहिला पाहिजे. पट्टीने मोजून खात्री करावी.
4. काठीचा आधार देऊन लगेच पाणी द्यावे.

लागवडीनंतर
- दुहेरी आळे करावे. पाणी बाहेरच्या आळ्यातच द्यावे, बुंध्याला लागू देऊ नये.
- डवरणी-वखरणीत बुंध्याशी माती चढते, ती दरवेळी ओढून काढावी.
- डोळ्याखाली खुंटावर येणारे फुटवे कोवळे असतानाच काढावेत, नाहीतर खुंट वाढतो आणि संत्रा मागे पडतो.
- पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर खोडाला बोर्डो मलम (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) लावावे.

डोळा आधीच गाडला गेला असेल तर?
पाऊस उघडल्यावर मुळांना इजा न करता डोळ्याखालपर्यंत माती काढावी आणि उघड्या भागाला बोर्डो मलम लावावे. तेथे खोलगट भाग राहून पाणी साचू नये, म्हणून पाणी बाहेर जाईल असा उतार द्यावा.

परसात एकच झाड लावणार असाल तरी हेच नियम पाळा. अंगणातील सांडपाण्याजवळची जागा मात्र टाळा.