लिव्हिंग्स्टनचें प्रेत आणि शरणपूरचे विद्यार्थी

नाशिकचें शरणपूर पुष्कळांच्या परिचयाचें आहे. परंतु आफ्रिकेच्या इतिहासांत त्याला मानाचें स्थान आहे, ही गोष्ट नाशिककरांपैकींहि थोड्यांच्याच ध्यानीं असेल. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीनें तेथें वसाहत स्थापिली. इंग्रजी आरमारानें गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना पुढें तेथें आश्रय मिळूं लागला. लिहिणें-वाचणें व कांहीं हातकाम त्यांस शिकविण्यांत येई. याच मुलांपैकीं कांहींजणांनीं पुढें एका प्रेताची जी यात्रा तडीस नेली, तिला प्रवासाच्या इतिहासांत जोड सांपडणें कठीण आहे.

प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं, बांग्वेउलू सरोवराच्या आग्नेयेस, चितांबो नामक नायकाच्या गांवीं मरण पावला. पहांटेस तो बिछान्यापाशीं गुडघे टेकलेल्या स्थितींत गतप्राण आढळला. जवळ एकहि यूरोपियन नव्हता. होते ते सुमारें साठ आफ्रिकन अनुयायी. त्यांचे पुढारी सूसी व चुमा. यांपैकीं चुमाला लिव्हिंग्स्टननेंच १८६४ सालीं मुंबईस आणून डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत घातलें होतें. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार इत्यादि मंडळी शरणपूरची होती.

धनी मेला, त्याला तेथेंच मूठमाती देऊन घरची वाट धरावी, हा सर्वांत सोपा मार्ग होता. त्याबद्दल त्यांस फारसा कोणी दोषहि दिला नसता. मग त्यांनीं दुसरा मार्ग कां पत्करला? केवळ प्रेम हें याचें उत्तर पुरेसें वाटत नाहीं. १८६६ सालीं लिव्हिंग्स्टनला सोडून पळालेल्या जोहाना बेटांतील नोकरांनीं 'साहेब मारला गेला' अशी खोटी बातमी झांझिबारास आणली होती. ती खोटी ठरविण्यासाठीं विलायतेहून शोधपथक पाठवावें लागलें. अशा स्थितींत या साठजणांच्या नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? लिव्हिंग्स्टनचीं टिपणें, उपकरणें आणि खुद्द त्याचें प्रेत हाच त्यांचा पुरावा होता.

निश्चय होतांच कामास आरंभ झाला. झांझिबारांत एका डॉक्टराच्या हाताखालीं काम केलेल्या फरिजालानें उदर फाडून हृदय व आंतडीं काढिलीं. तीं एका झाडाखालीं पुरण्यांत आलीं. जेकबनें प्रार्थना वाचली आणि त्या झाडाच्या खोडावर लेख कोरला. शरीरांत मीठ भरून तें चौदा दिवस उन्हांत वाळविलें. मग कापडांत गुंडाळून, झाडाच्या सालीच्या नळकांड्यांत घालून, वर शिडाचें कापड शिवलें. हें ओझें दांड्यास बांधून दोघांनीं खांद्यावर घ्यावें, अशी योजना होती.

समुद्रकांठ हजाराहून अधिक मैल दूर. आरंभींच तांड्यांत आजार शिरला. कित्येकजण वाटेंतच दगावले. शिवाय आपल्या मुलखांतून परक्याचें प्रेत जाऊं देण्यास गांवोगांवचे लोक भीत. ऑक्टोबरांत उन्यान्येंबे येथें लिव्हिंग्स्टनच्या साह्यार्थ निघालेला लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. प्रेत येथेंच पुरावें, असा सल्ला त्यानें दिला. त्या नोकरांनीं तो साफ नाकारला. पुढें कासेकेरा येथें विरोध होतांच त्यांनीं युक्ति लढविली. काटक्यांची प्रेतासारखी मोळी बांधून ती पुरण्याकरितां परत पाठविल्याचें सोंग केलें, आणि खरें प्रेत कापडाच्या गांठोड्यासारखें बांधून निर्वेध पुढें नेलें.

१८७४ च्या फेब्रुवारींत, नऊ महिन्यांनीं, तांडा बागामोयोच्या किनाऱ्यास लागला. प्रेत इंग्रज अधिकाऱ्याच्या स्वाधीन झालें आणि बहुतेकांस पगार देऊन निरोप मिळाला. त्यांपैकीं प्रेताबरोबर विलायतेस गेला तो एकटा जेकब. तेथें सिंहानें पूर्वीं मोडलेल्या डाव्या दंडाच्या हाडावरून ओळख पटली, आणि १८ एप्रिल रोजीं वेस्टमिन्स्टर अॅबेंत दफन झालें. पेटीचा मान धरणाऱ्यांत जेकब होता. सूसी व चुमा मागाहून पोंचले.

इंग्लंडनें या कृत्यास स्वामिनिष्ठा म्हटलें. तो शब्द खोटा नाहीं, पण अपुरा आहे. स्वामिनिष्ठेच्या कथा आपल्या इतिहासांतहि थोड्या नाहींत. त्यांत बहुधा आज्ञा करणारा कोणी असतो. येथें आज्ञा करणारा उरलाच नव्हता. विचार त्यांनींच केला, योजना त्यांनींच आंखली, आणि मान्य करण्याजोगा सल्ला मिळाला असतांहि तो स्वतःच्या जबाबदारीवर नाकारला. ज्यांच्यापैकीं कित्येकांची लहानपणीं मालाप्रमाणें विक्री झाली होती, त्यांनीं हा निर्णय घेतला, हें विसरतां कामा नये.

अॅबेंतील शिळेवर विश्वासू हातांनीं जमिनीवरून व समुद्रावरून हें प्रेत आणल्याचा उल्लेख आहे. ते हात कोणाचे, हें मात्र शिळा सांगत नाहीं. त्यांपैकीं कांहीं हातांनीं अक्षरें गिरविलीं तीं आपल्या नाशकास. तीं नांवें निदान आपण तरी लक्षांत ठेविलीं पाहिजेत.