व्यासपीठ आणि पावतीपुस्तक

५ जानेवारी १९२८ रोजी कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. रेल्वेच्या इतिहासात या तारखेची नोंद वेग आणि सोय या खात्यात झाली आहे. ती उपनगरांतल्या व्याख्यानांच्या खात्यातही व्हायला हवी. फोर्टातला कारकून कचेरी सुटल्यावर पार्ल्याला किंवा मालाडला पोचायचा, हातपाय धुऊन चहा घ्यायचा आणि सातच्या व्याख्यानाला सदऱ्याची बटणे लावत हजर व्हायचा. गिरगाव-दादरच्या वक्त्यालाही दोन तास बोलून, गळ्यातला हार हातात घेऊन, रात्रीच्या जेवणाला घरी पोचता येऊ लागले. गाडी नसती तर वक्त्याला मुक्कामाला ठेवावे लागले असते, आणि उपनगरातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पाहुणा वक्ता ठेवणे हे व्याख्यान ठरवण्याहून कितीतरी अवघड काम होते.

या सभा नुसत्या ऐकण्यासाठी भरत नसत. व्याख्यानाबरोबर एखादे सार्वजनिक काम आणि त्या कामाचे पावतीपुस्तक हजर असे. मुंबईत ही जोडी फार जुनी आहे. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी निबंध वाचण्यासाठी आणि त्यांवर चर्चा करण्यासाठी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. मराठी आणि गुजराती भाषांत व्याख्याने व्हावीत म्हणून तिच्या ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठी शाखेची सूत्रे दादोबा पांडुरंगांकडे होती, गुजराती बाजूला दादाभाई नवरोजी होते. निबंध वाचून ही मंडळी घरी गेली असती तर आज कोणाला आठवलीही नसती. त्यांनी १८४९ मध्ये मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा काढल्या, आणि सुरुवातीला सभासदच विनावेतन शिकवत. पुढे जगन्नाथ शंकरशेठ यांनी गिरगावात अशा एका शाळेला जागा दिली. वाद घालायला जमलेल्या पोरांनी शहरातल्या मुलींना अक्षरओळख करून दिली, ती अशी.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. मराठी व्याख्यानमालांची ती आजी, आणि आजही ती एप्रिल-मेच्या उकाड्यात भरते. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाने वक्त्यांना मांडव दिला. पैसे जमवण्याची रीत मात्र आणखी एका माणसाकडून आली. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना काढली, टिळकांनी तिला बळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एका धनिकाकडून हजार रुपये घेण्यापेक्षा हजार माणसांकडून एकेक रुपया घ्यावा, म्हणजे हजार माणसे कामाला बांधली जातात, हा त्यातला हिशेब. उपनगरांतल्या संस्था पुढे याच हिशेबावर चालल्या. बऱ्याच ठिकाणी त्याला पर्यायही नव्हता, कारण धनिक राहायचे मलबार हिलला.

उपनगरांत संस्था काढण्यावाचून लोकांना गत्यंतरही नव्हते. मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत पोचली १९५० साली आणि दहिसर-मुलुंडपर्यंत १९५७ साली. त्याआधी छोट्या नगरपालिका होत्या, पण त्यांचा जीव दिवाबत्ती आणि गटारे यांतच जायचा. शाळा, वाचनालय, दवाखाना हवा असेल तर चार जणांनी एकत्र येऊन उभा करावा लागे. चार जण एकत्र आणायचे तर निमित्त लागते, आणि मराठी माणसाला जमवण्याची दोनच निमित्ते त्या काळी खात्रीची होती: नाटक आणि भाषण. नाटकाला खर्च येतो.

विलेपार्ल्यात हे सगळ्यात ठळकपणे दिसते. टिळकांच्या निधनानंतर वर्षभरातच, १९२१ साली, तिथे पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले आणि ११ मार्च १९२३ रोजी लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. नावातच सेवा आहे, पण पार्लेकरांच्या तोंडी त्या वास्तूचे नाव टिळक मंदिर. ग्रंथालय, व्याख्याने, गणेशोत्सव आणि वस्तीची कामे एकाच छपराखाली आली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याची छावणी गाजली. देशाच्या राजकारणातली मोठी माणसे या छोट्या गावातून जाऊ-येऊ लागली आणि पार्ल्याच्या कानांना चांगले भाषण ऐकण्याची सवय लागली.

त्या सवयीतून जे निपजले त्याचे सर्वांत मोठे नाव पु. ल. देशपांडे. जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत बालपण, मग पार्ले. आजोबा वामन मंगेश दुभाषी, म्हणजे ‘ऋग्वेदी’, स्वतः लेखक. पाचव्या वर्षी घरच्या मोठ्यांनी लिहून दिलेले दहा ओळींचे भाषण त्यांनी शाळेत हावभावांसह म्हटले आणि सातव्या वर्षापासून ते स्वतःची भाषणे स्वतः लिहू लागले, एवढेच नव्हे तर इतर मुलांनाही लिहून देऊ लागले. सेवा संघातला त्यांचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. साहित्यसम्राट न. चिं. केळकर फेडरेशनवर, म्हणजे संघराज्याच्या योजनेवर, बोलायला आले होते. भाषण संपल्यावर कोणाला काही शंका असल्यास विचारा, असे ते म्हणाले. शाळकरी पुरुषोत्तम उठला आणि त्याने पुण्यातला अंजिरांचा भाव विचारला. सभेला शिस्त होती, पण शेवटच्या रांगेतल्या पोरालाही उभे राहून प्रश्न विचारण्याची मुभा होती, हे या किश्शातले खरे ऐतिहासिक मूल्य.

याच मुलाने पुढे बोलण्याचे पैसे केले आणि ते वाटूनही टाकले. १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’चे एकपात्री प्रयोग सुरू झाले, तिकिटांसाठी रांगा लागल्या, आणि त्या मिळकतीतून पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान उभे राहिले. पैसे कुठे आणि कसे द्यायचे, याचा काटेकोर हिशेब पत्नी सुनीताबाईंचा. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्यामागे याच प्रतिष्ठानाची एक लाख रुपयांची देणगी होती. तुलनेला चार्ल्स डिकन्स घ्या: त्याने बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये १८५३ च्या डिसेंबरात आपले पुस्तक पहिल्यांदा जाहीर वाचले, तेही तिथल्या एका शिक्षणसंस्थेच्या मदतीसाठी. पाच वर्षांनी त्याने स्वतःच्या कमाईसाठी वाचायला सुरुवात केली. पुलंचा प्रवास नेमका उलट्या दिशेने झाला.

टिळक मंदिराच्या सभ्य सभागृहातच ही परंपरा वाढली असे समजणे मात्र पार्ल्याबाहेरच्यांवर अन्याय करणारे ठरेल. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याच्या पोलीस ठाण्यापाशी गाडगेबाबांनी कीर्तन केले. ते त्यांचे अखेरचे कीर्तन. त्यानंतर दीड महिनाही उलटला नाही, २० डिसेंबरला ते गेले. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेली उलटतपासणी असे: कर्ज काढून सण करता का, पोरांना शाळेत घालता का, दारू सोडली का? समोरचे हजारो लोक ओरडून उत्तर देत. या बोलण्यातून आलेल्या देणग्यांवर पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या आणि त्यांपैकी एका खोलीवरही त्यांनी स्वतःचा हक्क ठेवला नाही. निधी जमवणाऱ्या वक्त्यांची यादी केली तर या माणसाच्या जवळपास कोणी येत नाही.

गोरेगावात गोष्ट वेगळ्या रंगाची आहे. समाजवादी कार्यकर्ते केशव गोरे १९५८ साली अकाली गेले. त्यांच्या नावाने पत्नी मृणाल गोरे आणि सहकाऱ्यांनी ट्रस्ट उभारला आणि आरे रोडवरच्या त्याच्या वास्तूत भाषणे, शिबिरे, वाद सुरू झाले. इथल्या सभेत टाळ्यांपेक्षा प्रश्न जास्त, आणि सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळणारे हात दुसऱ्या दिवशी पाण्याच्या मोर्चात दिसत. संकटात सापडलेल्या बायकांना आधार देणारे ‘स्वाधार’ही याच वर्तुळातून निघाले. व्याख्यानमाला ‘राजकारणविरहित’ हवी असा आग्रह धरणाऱ्यांनी गोरेगावचा हा इतिहास जरूर पाहावा.

मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाने ग्रंथालय आणि व्याख्याने यांची तीच सांगड घातली. बोरिवलीत ‘शब्द’ प्रकाशनाने गप्पांच्या रूपात लेखक आणि वाचक समोरासमोर बसवले. अंधेरीत आझादनगरचा गणपती १९६६ साली आसपासच्या कारखान्यांतल्या कामगारांनी बसवला. अशा कामगार-मंडळांच्या वर्गणीतून मांडवाचा खर्च भागवून उरलेले पैसे वह्या-पुस्तकांकडे वळवण्याची पद्धत उपनगरभर रुजली. गुजराती शेजारही या बाबतीत मागे नव्हता. मुंबई जैन युवक संघाची पर्युषण व्याख्यानमाला १९३० च्या दशकापासून चालत आली आहे. १९८० च्या दशकापासून तिथे दरवर्षी एक सेवाभावी संस्था निवडतात, व्याख्यानांच्या दिवसांत तिच्यासाठी श्रोत्यांना आवाहन करतात आणि जमलेली रक्कम त्या संस्थेच्या गावी जाऊन सुपूर्द करतात. मराठी मंडळांनी ही रीत जशीच्या तशी उचलावी, इतकी ती चोख आहे.

आता थोडे आतल्या बाजूचे, कारण कार्यक्रम व्यासपीठावर होतो पण उभा राहतो कार्यवाहाच्या पिशवीत. त्या पिशवीत काय असते? पावतीपुस्तक, कार्बन, शाल, श्रीफळ, मानधनाचे बंद पाकीट, वक्त्याच्या परिचयाचा कागद (तो नेहमी दोन पानी असतो आणि निवेदक तो पूर्ण वाचतो), खडीसाखर, माइकवाल्याला द्यायची उरलेली रक्कम. माइकवाला हा या इतिहासातला उपेक्षित नायक. तो साडेपाचला आला तर सभा सातला सुरू होते. तो साडेसहाला आला तर अध्यक्ष ‘हॅलो, हॅलो’ यावरच अर्धा तास बोलतात.

पाकीट ही त्याहून नाजूक बाब. मानधन किती, हे आधी विचारायचे नाही आणि सांगायचेही नाही, असा जुना संकेत. त्यावर वक्त्यांमध्ये एक सुंदर रिवाज पडला. पाकीट स्वीकारायचे, मग त्यात पदरचे थोडे घालून ते संस्थेलाच परत द्यायचे. ही घोषणा आभाराच्या वेळी झाली की पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांचा हात आपोआप खिशाकडे जातो. बाबासाहेब पुरंदरे यांनी २०१५ साली महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या दहा लाखांतले फक्त दहा पैसे ठेवून घेतले, ते याच रिवाजाचे मोठे रूप.

प्रवेश मोफत ठेवावा की तिकीट लावावे, हा वाद प्रत्येक कार्यकारिणीत दरवर्षी होतो. तिकीट लावले की आकडा निश्चित कळतो, पण माणसे मोजून येतात आणि पैसे दिल्यावर आपले देणे फिटले असे समजून घरी जातात. मोफत ठेवले की सभागृह भरते आणि दाराजवळची पेटीही बऱ्यापैकी भरते, फक्त किती भरेल हे सांगता येत नाही. उपनगरांतल्या जुन्या संस्थांनी बहुतेक मोफतच्या बाजूने कौल दिला. तो बरोबर होता. त्यांना त्या रात्रीचे पैसे थोडेच हवे होते? त्यांना सभासद हवे होते. व्याख्यानाला आलेला माणूस ग्रंथालयाचा वर्गणीदार झाला, वर्गणीदार रक्तदान शिबिराला टेबल मांडायला आला, तो पुढे कार्यकारिणीवर गेला, अशी ती साखळी.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि संध्याकाळी सातचा मुहूर्त हातचा गेला. रविवारच्या सिनेमाने तर भल्याभल्या वक्त्यांच्या सभा पाडल्या. अनेक व्याख्यानमाला चार दिवसांवरून दोनवर आल्या, काहींच्या सभागृहांत लग्ने आणि साड्यांचे सेल लागू लागले. जगले कोण ते पाहण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे वर्षभराचे काम होते, म्हणजे ग्रंथालय, दवाखाना, ज्येष्ठांचे केंद्र, त्या संस्था टिकल्या. ज्यांच्याकडे फक्त व्याख्यानमाला होती त्यांची व्याख्यानमालाही गेली.

नंतरच्या पिढीने सभागृह सोडून बाग गाठली. पार्ल्याच्या साठ्ये उद्यानात पार्ले कट्टा भरू लागला, ठाण्यात आचार्य अत्रे कट्टा. कट्ट्यावर हार नाहीत, अध्यक्ष नाहीत, म्हणून अध्यक्षीय समारोपही नाही. ही सुधारणा खूप आधी व्हायला हवी होती. वक्तेही बदलले: आदिवासी पाड्यावरचा डॉक्टर, विशेष मुलांची शाळा चालवणारी शिक्षिका, अशी माणसे आता स्वतःचे काम स्वतः सांगतात. पुण्यात वीणा गोखले यांनी २००५ साली सुरू केलेल्या ‘देणे समाजाचे’ या प्रदर्शनात पितृपंधरवड्यात अशा संस्था थेट लोकांसमोर येतात. ‘लोकसत्ता’ने २०११ पासून ‘सर्व कार्येषु सर्वदा’ उपक्रमात गणेशोत्सवाच्या काळात दरवर्षी दहा संस्थांची ओळख करून द्यायला सुरुवात केली आणि वाचकांनी धनादेशांनी प्रतिसाद दिला.

यात गमावले एकच. पूर्वी पैसे देणारा आणि काम करणारा एकाच गल्लीत राहत. आता देणारा बोरिवलीत आणि काम मेळघाटात, मध्ये क्यूआर कोड. रक्कम वाढली, पण सतरंजी उचलायला माणूस मिळत नाही अशी तक्रार उपनगरातला प्रत्येक कार्यवाह करतो, आणि त्यातले बरेच आता सत्तरीच्या पुढे आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी व्याख्यानाला जाल तेव्हा आभारप्रदर्शन सुरू होताच चपला शोधायला उठू नका. संस्थेला कशाची गरज आहे ते तेव्हाच सांगतात. पावती फाडा, आणि जमले तर चार खुर्च्याही उचलून ठेवा.