फिल्मवरचा काळा डाग

प्रस्तावना

मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर धावणार असं दिसू लागलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी आता बिघडणार हे तिथले संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला सुरू झाली. तिथली इमारत बांधताना लोखंडी खिळासुद्धा वर्ज्य होता.

या पुस्तकाचा विषयही चुंबकीय नोंदीतला असाच बिघाड, पण आपल्याला अलिबाग गाठायची सोय नाही. मणक्याचं ऑपरेशन झालेला पेशंट पुन्हा कंबर धरून येतो, तेव्हा स्क्रू आणि रॉड त्याच्या हाडातच असतात. आणि बघायची असते ती नेमकी त्यांना खेटून गेलेली नस.

दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्रात हायड्रोजनची केंद्रकं सेकंदाला सुमारे ६.४ कोटी फेऱ्या घेतात. या फेऱ्यांतल्या बारीक फरकावरून यंत्र त्यांचा पत्ता ठरवतं. धातूजवळ चुंबकीय क्षेत्र वाकतं आणि पत्ता चुकतो. एकीकडचा सिग्नल दुसरीकडे जाऊन साचतो, म्हणून काळ्या डागाला पांढरी किनार दिसते. स्टीलचा डाग टायटेनियमपेक्षा कितीतरी मोठा. तीन टेस्लाच्या यंत्रात तर तो आणखी पसरतो. पण ‘मोठ्या मशीनवरच काढा’ म्हणणाऱ्या पुणेरी नातेवाइकांना हे पटवून देणं म्हणजे वेगळंच शास्त्र!

खरा घोटाळा चरबीचा. तिचा सिग्नल दाबायची नेहमीची पद्धत फ्रिक्वेन्सीवर विसंबते, त्यामुळे स्क्रूजवळ तीच फसते. न दबलेली चरबी लख्ख चमकते आणि शिकाऊ डोळ्याला तिथे सूज किंवा इन्फेक्शन दिसतं. अशा वेळी फ्रिक्वेन्सीवर न विसंबणारा ‘स्टिर’ घ्यावा. ग्रेडियंट एको टाळून फास्ट स्पिन एको, वाढवलेली बँडविड्थ, पातळ काप हे जुनेच उपाय आहेत. २००९ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘सेमॅक’ आणि ‘मॅव्हरिक’ या पद्धती त्याहून पुढच्या, पण वेळखाऊ. पाठ दुखत असलेल्या माणसाला तेवढा वेळ निश्चल झोपवणं सोपं नसतं, आणि तो हलला की सगळंच मुसळ केरात. म्हणून या पुस्तकात साध्या उपायांना जास्त पानं दिली आहेत.

वाचकाला एकच विनंती. पेशंटला आत घेण्यापूर्वी डिस्चार्ज कार्ड मागा. त्यावर इम्प्लांटचा आणि धातूचा उल्लेख नसेल, तर ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना फोन करून विचारा आणि उत्तर फॉर्मवर लिहून ठेवा.

पुणे