मूळव्याधीवरचा कागद

मूळव्याध किंवा फिशर असलेले, आणि कामानिमित्त परदेशी जाणारे रुग्ण हल्ली हमखास विचारतात, "डॉक्टर, तिकडे टिश्यू पेपरच असतो, त्यातला मऊ कोणता?" गंमत म्हणजे अमेरिकेत शौचासाठी खास कागद पहिल्यांदा बाजारात आला तोच मुळी मूळव्याधीवरचा उपाय म्हणून!

१८५७ साली न्यूयॉर्कच्या जोसेफ गॅयेटी यांनी 'मेडिकेटेड पेपर' विकायला काढला. ५०० कागदांची किंमत ५० सेंट, कागदात कोरफडीचा अंश, आणि प्रत्येक कागदावर गॅयेटींच्या नावाचा जलचिन्हाचा ठसा. तोवर लोक रद्दी वर्तमानपत्रेच वापरत. छापील कागदाची शाई नाजूक जागेला विषारी, अशी भीती जाहिरातीत घातलेली होती.

हा कागद लाकडाचा नव्हता. तो 'मनिला हेम्प'चा होता. नावात हेम्प असले तरी भांगेच्या झाडाशी याचा संबंध नाही. हे फिलिपिन्समधले अबाका, म्हणजे आपल्या केळीचे भाऊबंद. खोडाभोवतीच्या सोपटांतून निघणारा त्याचा धागा इतका चिवट, की जहाजांचे दोर त्याचेच वळत. टी-बॅगच्या कागदात तो आजही असतो.

आता औषधाचे बघू. मूळव्याध म्हणजे गुदद्वाराच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगून खाली सरकणे. कारणे बद्धकोष्ठ, कुंथणे, गरोदरपण. बाहेरून पुसायच्या कागदाने ती टळेल कशी? त्या काळच्या वैद्यकीय नियतकालिकांतही या दाव्यावर टीका झाली. तरीही कागद अनेक वर्षे विकला गेला.

चिनी लोकांना या शोधाचे नवल वाटले नसते. तिथे तुती, ताग, बांबू यांचे कागद शेकडो वर्षे होत होते, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस राजघराण्यासाठी मऊ, सुगंधी कागद वेगळा बनत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाकडाचा लगदा स्वस्त झाला आणि चिंध्या, अबाका मागे पडले. पण नुसते भरडलेले लाकूड त्वचेला बोचते. १९३५ साली अमेरिकेत नॉर्दर्न टिश्यूची जाहिरात होती ती 'कूस न लागणारा कागद' अशी! यावरून आधीच्या कागदाची कल्पना यावी.

मऊपणा येतो कुठून? रसायनांत शिजवून लाकडातले लिग्निन काढले की ताठरपणा कमी होतो. पाइनचा धागा साधारण ३ मिलीमीटर लांब, तो कागदाला ताकद देतो. निलगिरीचा जेमतेम १ मिलीमीटर, तो पृष्ठभागाला मखमली स्पर्श देतो. म्हणून दोन्ही मिसळतात. शेवटी गरम सिलिंडरवर वाळलेला कागद पात्याने खरवडून बारीक सुरकुत्या पाडतात. त्या पात्याला 'डॉक्टर ब्लेड' म्हणतात. (आमचा काही संबंध नाही.)

आता जंगले वाचवण्यासाठी बांबू, गव्हाचा पेंढा, उसाचे चिपाड पुन्हा कागदात येत आहे. चिपाडातला धागाही आखूड असतो, पण आतला भेंड आधी काढावा लागतो, नाहीतर लगद्यातले पाणी निथळत नाही. आपल्या साखर कारखान्यांत बहुतेक चिपाड बॉयलरमध्येच जाते, ही गोष्ट वेगळी.

हे कागद चांगलेच आहेत. मात्र बांबूच्या पाकिटावर 'जंतुनाशक' असे लिहिलेले दिसले की मला गॅयेटी आठवतात. लगदा शिजवून, विरंजन करून उरतो तो मुख्यतः सेल्युलोज, मग झाड कोणतेही असो.

त्वचेला त्रास धाग्यापेक्षा वरून घातलेल्या गोष्टींचा जास्त होतो. सुगंध, लोशन, आणि ओल्या वाइप्समधले मेथिलआयसोथायझोलिनोन हे परिरक्षक. त्याने गुदद्वाराभोवती ॲलर्जीचा इसब होतो आणि रुग्ण तो मूळव्याध समजून महिनोन्‌महिने मलमे लावत बसतो. तिथे खाज, लाली असेल तर आधी वाइप्स बंद करा. पाण्याने धुवा, साध्या बिनवासाच्या कागदाने घासू नका, फक्त टिपा. रक्त पडत असेल तर मात्र तपासून घ्या.