शिकाऊ हात, जाणती नजर

शल्यविद्येचा अभ्यास ग्रंथांतून करता येतो, परंतु ती हातात मुरते शस्त्रक्रियागृहातच, आणि तेथे शिकाऊ डॉक्टरच्या हाताखाली असतो बरे होण्याच्या आशेने आलेला रुग्ण. या पेचातून वाट काढणारी आधुनिक रीत विल्यम हाल्स्टेड यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८८९ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात घालून दिली. जर्मन भाषक देशांतील शल्यविभाग जवळून पाहिलेल्या हाल्स्टेड यांनी निवासी पद्धत रुजवली. तीत पदवीधर डॉक्टर वर्षानुवर्षे रुग्णालयातच राहत असे, त्याची जबाबदारी पायरीपायरीने वाढत जाई आणि अखेरीस तो स्वतःच्या भरवशावर शस्त्रक्रिया करू लागे.

हृदयाच्या शस्त्रक्रियेतील देखरेखीचा एक विलक्षण प्रसंग याच रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४४ रोजी घडला. फुप्फुसांकडे पुरेसे रक्त न पोचल्याने कांती निळी पडलेल्या बाळाच्या हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडण्याचे काम अल्फ्रेड ब्लॅलॉक करत होते. मात्र ती जोडणी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर पुन्हापुन्हा करून तंत्र बसवले होते ते त्यांचे कृष्णवर्णीय साहाय्यक विव्हियन थॉमस यांनी. वैद्यकीय पदवी नसलेले थॉमस ब्लॅलॉक यांच्या पाठीमागे चौरंगावर उभे राहून टाके नीट पडत आहेत की नाहीत ते सांगत होते. ते मूल शस्त्रक्रियेतून वाचले, पण काही महिन्यांनी दगावले. अधिकार एकाचा आणि अनुभव दुसऱ्याचा असला, तरी दोन्ही एकाच मेजाशी हजर असले पाहिजेत, हे तत्त्व त्या दिवशी उलट्या क्रमाने का होईना, सिद्ध झाले.

जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदयातील छिद्र यशस्वीपणे बुजवले, आणि पुढे शिकवणीत वेळेचा प्रश्न कळीचा झाला. महाधमनीला चिमटा लावलेला असतो तेवढा काळ हृदयाच्या स्नायूला नेहमीचा रक्तपुरवठा होत नाही, त्यामुळे नवख्या हाताचा संथपणा रुग्णाला बाधू शकतो. यावर तोडगा निघाला तो शस्त्रक्रियेचे टप्पे पाडण्याचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून रूढ होत गेलेल्या बायपासमध्ये, म्हणजे तुंबलेल्या हृदयधमनीला पर्यायी वाट काढून देण्याच्या शस्त्रक्रियेत, विद्यार्थी आधी पायातील शीर काढायला शिकतो, मग छाती उघडायला, मग यंत्राच्या नळ्या जोडायला, आणि जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंदीच्या धमनीवर केसासारख्या धाग्याने टाके घालण्याची पाळी सर्वांत शेवटी येते. त्या वेळी समोर उभा राहिलेला वरिष्ठ धागा ताणून धरतो, आणि टाका चुकीच्या जागी पडतोसे दिसताच सुई स्वतःच्या हाती घेतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस निकालांचा हिशेब जाहीरपणे मागितला जाऊ लागला. न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून रुग्णाचे वय व आजाराची तीव्रता जमेस धरून बायपासच्या मृत्युदराची नोंद सुरू केली. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल येथील बालहृदय-शस्त्रक्रियांच्या चौकशीचा अहवाल २००१ मध्ये आला. १९९१ ते १९९५ या काळात तेथे एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके अपेक्षेपेक्षा अधिक दगावल्याचा निष्कर्ष त्यात होता. तो दोष शिकाऊ डॉक्टरांचा नव्हता. तरीही निकाल वरिष्ठांच्या नावावर मांडले जाऊ लागल्यावर, आपला आकडा बिघडू नये म्हणून ते विद्यार्थ्याच्या हाती सुई देणार नाहीत, अशी धास्ती निर्माण झाली. तसे झाल्यास त्याची किंमत पुढच्या पिढीतील रुग्णांना मोजावी लागली असती.

त्यानंतर झालेल्या तुलनांपैकी बहुतेकांत असे आढळले की देखरेखीखालील विद्यार्थ्यांनी केलेल्या बायपासमध्ये यंत्रावरचा वेळ बहुधा काहीसा वाढतो, पण मृत्युदर वरिष्ठांच्या रुग्णांइतकाच राहतो. हे आकडे जपूनच वाचावे लागतात, कारण विद्यार्थ्याकडे सहसा कमी जोखमीचे रुग्ण सोपवले जातात आणि मध्येच वरिष्ठाने हाती घेतलेली शस्त्रक्रिया कोणाच्या खाती मांडावी, यावरही निष्कर्ष बदलतो. मात्र रुग्णाची निवड आणि वरिष्ठाने वेळीच हाती घेतलेली सुई यांना हिशेबातील निव्वळ अडचणी मानणे चुकीचे ठरेल, कारण देखरेख म्हणतात ती मुख्यतः यांचीच बनलेली असते. म्हणून मिळताजुळता मृत्युदर हा विद्यार्थी गुरूच्या तोडीचा असल्याचा दाखला ठरत नाही. कोणता रुग्ण कधी सोपवावा आणि कधी परत घ्यावा, याच्या गुरूला असलेल्या जाणिवेचा मात्र तो दाखला ठरतो.