दोन डोसमधलं अंतर

पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. आणि वाचून झाल्यावर घरातला एक जुना कागद शोधायचा आहे, तो कोणता ते शेवटी सांगते.

कोविडच्या काळात आपली जी मुलं नर्सरीत किंवा रिसेप्शनमध्ये होती, ती आता प्रश्न विचारायच्या वयाची झाली आहेत. शाळेत त्या काळावर काही लिहायला सांगतात आणि मग घरी विचारणा होते. आमच्याकडे आलेला प्रश्न असा: "तुम्ही तीन-तीन वेळा लस का घेतलीत? पहिल्या दोन चालल्या नाहीत का?"

प्रश्न रास्त आहे. मोठ्या माणसांनीही तेव्हा हेच विचारलं होतं, आणि काहींच्या मनात तो अजून आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात मावत नाही, कारण बूस्टरची गोष्ट म्हणजे मुळात अंतराची गोष्ट आहे. दोन डोसमधलं अंतर, दोन देशांमधलं अंतर, आणि आपण व आपले आई-बाबा यांच्यामधलं अंतर.

आधी थोडं मागे जाऊ. पुन्हा टोचून घेणं ही कोविडची देणगी नाही. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये इंग्लंडमध्ये देवीवरची लस पहिल्यांदा टोचली. एकदा टोचली की जन्मभराची काळजी मिटली, असं त्याला वाटत होतं. १४ जून १८०२ रोजी ती लस मुंबईत आली, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडात. भारतात यशस्वीपणे लस टोचलेली ती पहिली व्यक्ती. तेव्हा बाटल्या नव्हत्या, शीतपेट्या नव्हत्या. बगदाद-बसऱ्याकडून एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात करत करत ती लस समुद्रमार्गे मुंबईला पोचली होती.

पुढच्या काही दशकांत लक्षात आलं की लहानपणी लस घेतलेल्यांनाही मोठेपणी देवी येते. लस खोटी नव्हती, तिचा असर काळाबरोबर ओसरत होता. १८७४ मध्ये जर्मनीने कायदाच केला: बाळपणी एकदा आणि साधारण बाराव्या वर्षी पुन्हा एकदा. नाव बूस्टर नव्हतं, काम तेच होतं.

आपल्यापैकी ज्यांचे काका-मामा १९६०-७० च्या सुमारास परदेशी निघाले, त्यांना विचारून बघा. पासपोर्टबरोबर देवीच्या लशीचा आंतरराष्ट्रीय दाखला लागायचा आणि तो तीन वर्षंच चालायचा. मुदत संपली की पुन्हा टोचून घ्या, नवा शिक्का घ्या, मग विमान. "लशीचा दाखला असेल तरच प्रवास" हे आपल्याला २०२१ मध्ये नवीन वाटलं, पण आपल्या आधीच्या पिढीच्या सामानात तो कागद असायचाच. आपल्या मुलांनाही ट्रिपलचा बूस्टर दिला गेला तेव्हा कुणी चर्चा केली नाही. बाळ रडलं, पॅरासिटामॉल दिलं, विषय संपला.

मग कोविडच्या बूस्टरचाच एवढा गोंधळ का झाला? कारण ट्रिपलचं वेळापत्रक आपल्यापर्यंत पोचलं तेव्हा त्यामागे कित्येक वर्षांचा अनुभव होता. कोविडचं वेळापत्रक आपल्या डोळ्यांसमोर, साथ चालू असताना लिहिलं जात होतं. त्यातला मुख्य प्रश्न होता, अंतर किती ठेवायचं? शरीराला पहिली ओळख पक्की करायला वेळ लागतो, म्हणून डोस फार घाईने देऊन चालत नाही. फार उशीर केला तर मधल्या काळात माणूस उघडा पडतो. आणि तिसरी अडचण साठ्याची. एकाला तिसरा डोस दिला की दुसऱ्याचा पहिला लांबतो.

हे गणित प्रत्येक देशाने आपापल्या परीने सोडवलं. आखातातल्या मंडळींना आठवत असेल, यूएईने मे २०२१ मध्येच सायनोफार्म घेतलेल्यांसाठी सहा महिन्यांनंतर तिसरा डोस जाहीर केला. पुढे अबुधाबीत त्या लोकांचं अल होस्न ॲप हिरवं राहायला तो डोस आवश्यक झाला. इस्रायलने ३० जुलै २०२१ रोजी साठीच्या पुढच्यांना फायझरचा बूस्टर द्यायला सुरुवात केली, अंतर पाच महिने. राष्ट्राध्यक्ष आयझॅक हेर्झोग यांनी त्या दिवशी स्वतः तो घेतला. अश्दोद, दिमोना, लोद इथल्या आपल्या बेने इस्रायली आजी-आजोबांच्या पिढीचा नंबर अशा रीतीने जगात बऱ्याच आधी लागला. अमेरिकेने सप्टेंबरमध्ये ६५ च्या पुढच्यांपासून सुरुवात केली आणि १९ नोव्हेंबरला सगळ्या प्रौढांसाठी दार उघडलं. तिथे औषधांच्या दुकानात अपॉइंटमेंट घ्यायची आणि त्या पांढऱ्या कार्डावर तिसरी ओळ लिहून घ्यायची.

हे चालू असताना ४ ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी श्रीमंत देशांना बूस्टर थांबवायची विनंती केली होती. जगात कितीतरी डॉक्टर-नर्सना पहिला डोससुद्धा मिळालेला नव्हता. विनंती ऐकली गेली नाही. मुलांना गोष्ट सांगताना हा भाग गाळू नये, असं मला वाटतं.

आता ब्रिटन. इथे बूस्टर सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाले: पन्नाशीच्या पुढचे, आरोग्य कर्मचारी आणि आजारपणामुळे धोका जास्त असलेले. अंतर सहा महिने. पत्र किंवा मेसेज यायचा, साइटवर किंवा ११९ वर फोन करून स्लॉट घ्यायचा. सगळं निवांत चाललं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी नवा प्रकार जगाला कळवला, २६ तारखेला त्याचं ओमिक्रॉन असं बारसं झालं, आणि २९ नोव्हेंबरला इथल्या तज्ज्ञ समितीने अंतर थेट तीन महिन्यांवर आणलं. सगळ्या प्रौढांसाठी.

१२ डिसेंबरचा रविवार. पंतप्रधान जॉन्सन टीव्हीवर आले आणि म्हणाले की वर्षाअखेरपर्यंत प्रत्येक प्रौढाला बूस्टर देऊ करणार. सोमवारी सकाळी काय झालं ते इथल्या बहुतेकांना पाठ असेल. साइट कोलमडली, घरी करायच्या टेस्ट किट साइटवर संपल्या, लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलबाहेर पुलापाशी रांगच रांग. दोनच दिवसांत अठराच्या पुढच्या सगळ्यांना बुकिंग खुलं झालं. वॉक-इन केंद्रांची यादी ग्रुपवर फिरू लागली: "अमुक चर्चमध्ये रांग कमी आहे", "तिथे मॉडर्ना आहे, फायझर संपली", "मुलांना घेऊन गेलं तर चालतं". वेम्बली स्टेडियममध्ये लस दिली गेली. टोचल्यानंतर पंधरा मिनिटं बसायचा नियमसुद्धा त्या आठवड्यात तात्पुरता काढला, म्हणजे खुर्च्या लवकर रिकाम्या होतील. ख्रिसमसच्या आधीच्या दिवसांत एका दिवसात देशभर नऊ लाखांच्या वर बूस्टर दिले गेले.

त्या रांगेतला अनुभव घरोघरी थोडाफार सारखाच. हातमोजे, थर्मासमधला चहा, बग्गीत झोपलेलं पोर, पुढे आजोबांच्या वयाचा स्वयंसेवक पिवळं जाकीट घालून. दुसऱ्या दिवशी अंगदुखी, कणकण, आणि नवरा-बायकोने मुद्दाम वेगवेगळ्या दिवशी घेतलेला डोस, कारण दोघं एकदम आडवे झाले तर मुलांना कोण बघणार!

इथे आपण तीन महिन्यांत तिसरा डोस घेत होतो, तेव्हा आई-बाबा कुठे होते? भारतात एप्रिल-मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने काय केलं ते सांगायला नको. आपल्यापैकी कितीतरी जणांनी शेवटचा नमस्कार व्हिडिओ कॉलवर केला. तिथे कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतरच मे २०२१ मध्ये १२ ते १६ आठवडे झालं होतं. तिसऱ्या डोसची घोषणा झाली २५ डिसेंबरला, नाव ठेवलं प्रिकॉशन डोस, सुरुवात १० जानेवारी २०२२, आणि अंतर नऊ महिने. आधी आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि इतर आजार असलेले साठीच्या पुढचे. मार्च महिन्यात आजाराची अट गेली.

योगायोग बघा. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्डेमार हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. बरोबर १२५ वर्षांनी त्याच तारखेला परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या शहरात तिसऱ्या डोसची रांग लागली.

पण नऊ महिने म्हणजे काय, ते परदेशातल्या मुलाला किंवा मुलीला विचारा. बाबांचा दुसरा डोस जूनमध्ये झाला असेल तर तिसरा मार्चमध्ये. ओमिक्रॉनची लाट आली जानेवारीत. आपण पस्तिशी-चाळिशीचे, बूस्टर घेऊन बसलेलो, आणि सत्तरीतले बाबा तारखेची वाट बघतायत. त्या महिन्यात मला दंडातल्या लशीचं समाधान कमी आणि अपराधीपणा जास्त होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं तसंच झालं असणार.

आणि मग ते बुकिंग. केंद्रावर थेट जाऊनही डोस मिळत होता, पण आई-बाबांना ताटकळत ठेवायचं नाही म्हणून आपण इकडे कोविन उघडून बसायचो. ओटीपी जायचा त्यांच्या फोनवर. "आई, मेसेज आला का?" "थांब, चष्मा शोधते." "आई, तीनच मिनिटं असतात." "अगं, हा बँकेचा आलाय वाटतं." तोवर वेळ संपलेली. पुन्हा पहिल्यापासून. डॅलसमध्ये रात्रीचे अकरा, पुण्यात सकाळची वेळ, आणि शेवटी सोसायटीतल्या कुणाच्या तरी कॉलेजात जाणाऱ्या मुलाने दोन मिनिटांत काम करून दिलेलं. त्या अनोळखी मुलामुलींचे आपल्यावर केवढे उपकार आहेत!

१० एप्रिलपासून अठराच्या पुढच्या सगळ्यांना खाजगी केंद्रांत पैसे देऊन डोस खुला झाला. कोविशील्डची किंमत २२५ रुपये, वर जास्तीत जास्त १५० रुपये सेवाशुल्क. तरी प्रतिसाद थंडच राहिला. लाट ओसरली होती, भीतीही ओसरली होती. जुलैमध्ये अंतर सहा महिन्यांवर आलं आणि १५ जुलैपासून ७५ दिवस तो सगळ्या प्रौढांना मोफत दिला गेला.

दाखल्यांची गोष्ट तर वेगळीच. पुण्याच्या सीरममध्ये बनलेले ५० लाख डोस मार्च २०२१ मध्ये ब्रिटनला आले होते आणि इथल्याच लोकांना टोचले गेले. तरी त्या सप्टेंबरमध्ये, तीच लस भारतात घेतलेल्या आपल्या आई-बाबांना हाच देश लस न घेतलेले समजत होता. आधी लशीचं नाव यादीत नव्हतं. मग नाव आलं तर भारताचा दाखला मान्य नव्हता. भारतानेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना दहा दिवस विलगीकरण लावलं, तेव्हा कुठे ११ ऑक्टोबरपासून इथला नियम बदलला. त्यानंतर इथे आलेल्या माझ्या आईला बूस्टर घ्यायचा होता, तर बुकिंगची साइट म्हणे तुमचे आधीचे डोस आमच्याकडे नोंदलेलेच नाहीत. जवळच्या एका केंद्राने कोविनचा कागद उलटसुलट बघून परत पाठवलं. दुसऱ्या केंद्रावरच्या नर्सने शांतपणे दोन्ही तारखा नोंदवून घेतल्या. आई एवढंच म्हणाली, "लस तीच, दंड तोच, मग कागदाचं एवढं काय?"

तर मुलांच्या प्रश्नाचं उत्तर काय? पहिल्या दोन लशी चालल्या. पण विषाणू बदलला आणि काळाबरोबर संरक्षण कमी झालं. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य सुरक्षा यंत्रणेने पहिले आकडे दिले तेव्हा बूस्टरनंतर ओमिक्रॉनच्या लक्षणांपासून सुरुवातीचं संरक्षण ७० ते ७५ टक्के दिसत होतं. काही आठवड्यांत तेही घसरलं. बूस्टर घेऊनही आपल्यापैकी अनेकांना जानेवारीत कोविड झाला, हे खरं आहे. पण हॉस्पिटलात जावं लागण्यापासूनचं संरक्षण त्यापेक्षा जास्त मिळालं आणि जास्त टिकलं, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही वाक्यं मुलांना एकत्र सांगावीत. त्यातलं एकच सांगितलं की पुढे ती दुसरं कुणाकडून तरी ऐकतात आणि आपल्यावरचा विश्वास उडतो.

सहा महिने, पाच, तीन, नऊ. आकडे बदलत गेले म्हणून कुणी फसवलं असं होत नाही. देवीच्या वेळी जे कळायला कित्येक दशकं गेली, ते या वेळी काही महिन्यांत कळत होतं आणि जसं कळलं तसं वेळापत्रक बदललं. चुकलं असेल ते वाटपात. कुणाच्या दंडाला तिसरी आधी आणि कुणाच्या दंडाला पहिली नंतर, ते विज्ञानाने ठरवलं नव्हतं.

आता तो कागद. आपलं लशीचं कार्ड, ॲपवरची नोंद, आई-बाबांचं कोविनचं सर्टिफिकेट, जे असेल ते या शनिवार-रविवारी शोधा आणि फोटो काढून ठेवा. मग आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल लावा आणि मुलांना विचारू द्या: कोणत्या तारखेला घेतलीत? बरोबर कोण होतं? रांगेत किती वेळ उभे होतात? भीती वाटली का? उत्तरं वहीत लिहून ठेवा. काकांचा देवीचा दाखला आपल्यापैकी किती जणांनी जपून ठेवलाय? हा तरी राहू दे.

आणि हो, तुमचा तिसरा डोस कुठे, कसा झाला ते खाली कमेंटमध्ये नक्की लिहा. देश आणि महिना टाका. वाट बघते.